वाचकांचे प्रश्न: ‘आणि’ कुठे गाळावा, कुठे राखावा

‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’, ‘किंवा’ ही उभयान्वयी अव्ययं मुद्दाम गाळून लिहिण्याबद्दल बऱ्याच वाचकांनी विचारलं आहे. कुणाला ती चूक वाटते, कुणाला नव्या कथेची खूण वाटते. पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं देत आहोत.

‘बाजारातून कांदे, बटाटे, मिरच्या आणल्या’ अशा वाक्यात शेवटच्या शब्दाआधी ‘आणि’ नसेल, तर मी वहीत लाल खूण करते. सहकारी म्हणतात, ही चूकच नाही. कोणाचं बरोबर? या प्रकाराला काही नाव आहे का? (माध्यमिक शिक्षिका, बार्शी)

सहकाऱ्यांचं बरोबर आहे. यादीतल्या शेवटच्या पदाआधी ‘आणि’ हवाच, ही सवय आपल्याला इंग्रजीच्या तासाने लावली. मराठी बोलण्यात यादी ‘आणि’शिवाय सहज चालते आणि बहुधा शेवटी सगळ्यांना कवेत घेणारा एक शब्द येतो. सावता माळी यांच्या अभंगात ‘कांदा मुळा भाजी’ एवढं म्हणून झाल्यावर ‘अवघी विठाई माझी’ येतं. पुढे ‘लसूण मिरची कोथिंबिरी’, मग ‘अवघा झाला माझा हरी’. ‘आणि’ एकदाही नाही. तो लागत नाही, कारण पदं एकत्र बांधायचं काम ‘अवघी’ने घेतलं आहे. रोजच्या बोलण्यात हेच काम ‘सगळं’, ‘दोन्ही’, ‘तिघंही’ हे शब्द करतात.

या एका गोष्टीवर आमची पुढची बहुतेक उत्तरं उभी आहेत. अव्यय गाळायचं असेल, तर त्याचं काम वाक्यातल्या दुसऱ्या कुणीतरी उचललेलं असावं लागतं. कुणीच उचललं नसेल, तर वाक्य उसवतं.

नावाचं म्हणाल, तर ग्रीक अलंकारशास्त्रात याला ‘असिन्डेटन’ म्हणतात, म्हणजे ‘न बांधलेलं’. या सदरात आम्ही ‘अव्ययलोप’ म्हणतो. गोष्ट मात्र आपल्याकडे फार जुनी आहे. पाणिनीचं सूत्र आहे, ‘चार्थे द्वन्द्वः’ : ‘च’चा म्हणजे ‘आणि’चा अर्थ असेल तिथे द्वंद्व समास होतो. ‘आईवडील’ म्हणताना ‘आणि’ गेला, त्याचा अर्थ राहिला. ‘बरेवाईट’मध्ये ‘किंवा’ गेला. ‘चहापाणी’त तर अर्थ पसरला, त्यात फराळही आला. हे शब्द तोडून ‘आई वडील’, ‘चहा पाणी’ असे कुणी लिहिले असतील, तर तिथे लाल खूण जरूर करा.

आणखी एका ठिकाणी खूण हवीच. ‘गावचे सरपंच, माझे मामा, शाळेचे अध्यक्ष व्यासपीठावर बसले.’ व्यासपीठावर माणसं किती? तीन असतील, दोन असतील, किंवा मामाच सरपंच आणि मामाच अध्यक्ष असतील. स्वल्पविराम यादीतही येतो आणि एकाच माणसाची ओळख वाढवत नेतानाही येतो. एरवी क्रियापदावरून उलगडा झाला असता, पण ‘बसले’ हे आदरार्थी बहुवचन एकालाही लागतं. माणसांच्या यादीत, त्यातही मानाच्या माणसांच्या, ‘आणि’ राखावा किंवा ‘हे तिघे’ म्हणावं. वस्तूंच्या यादीत ही भीती कमी असते. तिथे क्रियापद शेवटच्या पदाप्रमाणे चालतं, म्हणून ‘मिरच्या आणल्या’. शेवटी ‘सगळं’ घातलंत, तर ‘सगळं आणलं’.

दिवाळी अंकासाठी पाठवलेली कथा ‘टेलिग्रामच्या तारेसारखी वाटते’ असा शेरा येऊन परत आली. मी तर मुद्दाम ‘आणि’ काढले होते, वेग यावा म्हणून. सोबत दोन उतारे पाठवतो. (कथालेखक, डोंबिवली)

तुमचा पहिला उतारा: ‘सकाळ. चहा. पेपर. खिडकी. पाऊस. आठवण.’ इथे तुम्ही ‘आणि’ गाळलेला नाही, क्रियापदं गाळली आहेत. हे दोन वेगळे प्रयोग आहेत. क्रियापद गेलं की घडणं थांबतं, चित्रं उरतात. तुम्हाला वेग हवा होता आणि वेग क्रियापदांत असतो. इथेच गफलत झाली.

दुसरा उतारा जवळून पाहण्यासारखा आहे. तुम्ही आधी लिहिलं होतं:

‘एसटी थांबली आणि दार उघडलं आणि माणसं आत घुसली, पण म्हातारी खालीच राहिली.’

मग बदलून असं केलंत:

‘एसटी थांबली. दार उघडलं. माणसं घुसली. म्हातारी खालीच.’

चारही वाक्यं सारख्या लांबीची, चारही पूर्णविरामाने बंद. त्यामुळे चारही घटना सारख्याच वजनाच्या झाल्या. दार उघडणं आणि म्हातारी मागे राहणं हे कथेत एका मापाचं नाही. पूर्णविरामाने वेगही मारला. प्रत्येक वाक्यापाशी वाचक थांबतो, म्हणजे तीन घटनांच्या घाईत तुम्ही तीन थांबे टाकलेत. आता हे वाचा:

‘एसटी थांबली, दार उघडलं, माणसं आत घुसली. म्हातारी खालीच राहिली.’

पहिल्या तीन घटना स्वल्पविरामांवरून एका श्वासात जातात. इथे ‘आणि’चं काम घटनांच्या क्रमाने घेतलं आहे, एसटी थांबते, मग दार उघडतं, हे वाचकाला ठाऊकच असतं. नंतर एकच पूर्णविराम येतो आणि तो गाळलेल्या ‘पण’ची जागा घेतो. ‘आत’च्या समोर ‘खाली’ आहे, त्यावर ‘खालीच’मधला ‘च’ आहे. विरोध या दोघांनी दाखवला, म्हणून ‘पण’ सुखाने जाऊ शकला. ‘राहिली’ मात्र परत आणावं लागलं. ते काढल्यावर वाक्य ठसकेबाज होतं, म्हातारी मात्र दिसेनाशी होते.

मराठीत आणखी एक वाट आहे, इंग्रजी नमुने वाचून लिहिणारे ती विसरतात. ती म्हणजे ‘-ऊन’. ‘उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन निघाला’ यात सगळं वजन ‘निघाला’वर पडतं, आधीची कामं त्याच्या मागे ओढली जातात. ‘उठला, तोंड धुतलं, चहा प्यायला, निघाला’ यात चारही कामं पुढे येऊन उभी राहतात. ‘उठला आणि तोंड धुतलं आणि…’ यात माणूस संथ होतो, लहान मुलासारखा वाटतो. तिन्ही व्याकरणशुद्ध आहेत. कुठलं काम महत्त्वाचं, ते ठरवा आणि मग निवडा. ‘-ऊन’ला एक अट आहे: कर्ता एकच हवा. एसटीच्या वाक्यात ते चाललं नसतं. थांबली एसटी, घुसली माणसं.

किती पदं घ्यावीत, असंही तुम्ही विचारलं आहे. दोन पदं समोरासमोर उभी राहतात, तुलना किंवा विरोध दाखवतात. तीन पदांनी यादी पुरी झाल्यासारखी वाटते. चारच्या पुढे गेलात, की हे संपणारं नाही असं वाटू लागतं. गर्दी, पूर, लढाई, दुष्काळ यांत ते उपयोगी पडतं. ख्रिस्तपूर्व ३९४ मधल्या ग्रीसमधल्या कोरोनियाच्या लढाईचं वर्णन करताना ग्रीक इतिहासकार झेनोफनने चार क्रियापदं अशीच सुटी टाकली आहेत. मराठीत सांगायचं तर, ढालीला ढाल भिडवून ‘रेटत होते, लढत होते, मारत होते, मरत होते’. लाँजायनस या प्राचीन ग्रीक समीक्षकाने हे वाक्य उदाहरण म्हणून घेतलं आणि पुढे सांगितलं, की भावनेच्या भरात अव्ययं घालणं म्हणजे धावणाऱ्याचे अवयव बांधून टाकणं. उपमा अगदी नेमकी आहे. तिचा अर्थ असाही होतो, की धावणारं कुणी नसेल तर दोर सोडून काही साधत नाही. तुमच्या कथेत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत अव्ययलोप आहे. एका पानावर एक जागा निवडा, घटना खरोखर वेग घेते ती. बाकीच्या ठिकाणी ‘आणि’ परत येऊ द्या. आजूबाजूची वाक्यं नीट बांधलेली असली, तरच सुटं वाक्य सुटं असल्याचं कानाला कळतं.

‘आणि’ गाळता येतो हे पटलं. ‘पण’, ‘किंवा’, ‘म्हणून’, ‘जर-तर’ हेही तितक्याच सहज गाळता येतात का? (निवृत्त ग्रंथपाल, बडोदे)

तितक्याच सहज नाही. उत्तरं म्हणींत सापडतात, कारण वर्षानुवर्षं घासून म्हणींतून नको ते सगळं गळून गेलं आहे.

‘पण’ गाळण्यासाठी विरोध शब्दांतच दिसायला हवा. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.’ सोनं आणि कथील शेजारी ठेवलं, ‘पण’ची गरज संपली. ‘तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं’ यात ‘आणि’ही गेला, ‘पण’ही गेला, ‘गेलं, गेलं’नंतर ‘राहिलं’ आलं, तिथेच वळण कळतं. याउलट ‘तो हुशार आहे, आळशी आहे’ हे वाक्य लंगडतं. हुशारी आणि आळस हे एकमेकांचे उघड विरोधी नाहीत, म्हणून इथे ‘पण’ हवा.

‘म्हणून’ आणि ‘कारण’ यांच्याबाबत जपून राहावं. ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ यात कारणाचा धागा वाचक स्वतः जोडतो, त्यातच म्हणीची गंमत आहे. पण ‘पाऊस पडला नाही, त्याने बैल विकला’ असं लिहिलंत, तर बैल पावसामुळे विकला की दोन गोष्टी फक्त एकापाठोपाठ झाल्या, हे उघडं राहतं. कथेत हे उघडं राहणं चालतं, कधी हवंही असतं. बातमीत, अहवालात, इतिहासात चालत नाही. तिथे कार्यकारणभाव लेखकाने आपल्या अंगावर घेऊन सांगावा.

‘जर’ तर आपण बहुतेक वेळा गाळतोच: ‘पाऊस आला तर जाऊ नको.’ ‘तर’ जाणं दुर्मीळ आहे, आणि जातं तेव्हा वाक्याला मंत्रासारखी धार येते. ग्रहणाच्या वेळी दारावर येणारी आरोळी आठवा: ‘दे दान, सुटे गिराण!’ दान दिलंस तर ग्रहण सुटेल, एवढा सगळा अर्थ आज्ञार्थी क्रियापदाने आणि यमकाने पेलला आहे.

सगळ्यांत धोक्याचा ‘किंवा’. तो फक्त रूढ जोड्यांत गळतो: ‘आज-उद्या’, ‘दोन-चार’, ‘खरंखोटं’. मोकळ्या वाक्यात गाळलात, की वाचक तो ‘आणि’ समजतो.

एक बारीक निरीक्षण. ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ यात अव्यय नाही, ‘बैल गेला अन् झोपा केला’ यात आहे. पहिल्या म्हणीत विचाराला क्षणही मिळालेला नाही, म्हणून मध्ये काही ठेवलं नाही. दुसरीत बैल निसटून गेल्यावर मग गोठ्याला झोपा, म्हणजे दार, लावला, तो उशीर दाखवायचा आहे. ‘अन्’ त्या उशिराची जागा धरून बसला आहे. तो काढून म्हण मोठ्याने म्हणून पाहा.

सीझरच्या ‘वेनी, विदी, विकी’चं मराठी कसं करावं? ‘मी आलो, मी पाहिलं, मी जिंकलं’ हे जड वाटतं. (भाषांतरकार, पणजी)

जड वाटण्याचं कारण तीनदा आलेला ‘मी’. लॅटिनमध्ये कर्ता क्रियापदाच्या प्रत्ययातच असतो, तो वेगळा सांगावा लागत नाही. ख्रिस्तपूर्व ४७ मध्ये, आजच्या तुर्कस्तानातल्या झेला इथल्या विजयानंतरचे हे तीन शब्द. तिन्ही दोन-दोन अक्षरांचे, तिन्हींची सुरुवात एक, शेवट एक. ‘आणि’चं काम त्या सारखेपणाने घेतलं आहे.

मराठीत अडचण प्रयोगाची आहे. ‘येणे’ अकर्मक आहे, म्हणून ‘आलो’ कर्त्याप्रमाणे चालतं. ‘पाहणे’ भूतकाळात कर्त्याला सोडतं, म्हणून ‘पाहिलं’. ‘जिंकणे’ दोन्हीकडे जातं: ‘सामना जिंकला’ आणि ‘मी जिंकलो’. तिन्ही एका शेवटावर आणायला ‘आलो, भिडलो, जिंकलो’ करता येईल, पण त्यात ‘पाहिलं’ जातं, आणि या वाक्याची सगळी ऐट ‘पाहिलं’मध्ये आहे. नुसतं पाहिलं, तेवढ्यात जिंकलं. ते घालवू नये.

आमच्या मते ‘आलो, पाहिलं, जिंकलं’ हेच ठेवावं. पहिला शब्द दोन अक्षरांचा, पुढचे दोन तीन-तीन अक्षरांचे, आणि ‘-लं’चा ठेका शेवटच्या दोघांत जुळतो. ‘मी’ एकदाही नको. ‘आणि’ शेवटीही नको; ‘आलो, पाहिलं आणि जिंकलं’ म्हटलं, की पहिल्या दोन गोष्टी तयारीच्या होतात आणि तिसरीच खरी ठरते.

सोसायटीच्या फलकावर मी लिहिलं: ‘ओळखीसाठी आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना आणावा.’ निम्मे लोक तिन्ही घेऊन आले, काही फक्त परवाना घेऊन. भाषा चुकली का? (गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, नाशिक)

हो, भाषा चुकली. सूचना, अर्ज, करार, औषधाचा कागद, पाककृती इथे अव्ययलोप करू नये. फलक वाचणाऱ्याला लेखकाच्या मनातला ‘आणि’ की ‘किंवा’ ओळखायला काहीच साधन नसतं. त्यात ‘आणावा’ हे एकवचन शेवटच्या ‘परवाना’ला जुळलं, म्हणून काहींनी तेवढाच आणला. दुरुस्ती सोपी आहे: ‘पुढीलपैकी कोणतंही एक आणावं’ किंवा ‘पुढील तिन्ही आणावीत’. हे शब्द यादीच्या आधी घाला. नंतर घातले, तर अर्धे लोक तिथपर्यंत वाचत नाहीत.

याच मुद्द्यावर पाककृती लिहिणाऱ्या एका वाचकभगिनीचंही पत्र आहे, ते इथेच घेतो. ‘हळद, तिखट, मीठ अर्धा चमचा’ यातून प्रत्येकी अर्धा की सगळं मिळून अर्धा, हे कळत नाही. ‘प्रत्येकी’ हा एक शब्द टाकला, की प्रश्न मिटतो. ‘तीळ, खसखस, खोबरं भाजून घ्यावं’ हे वाक्य त्याहून वाईट, कारण नवशिकी व्यक्ती तिन्ही एकदम कढईत टाकते; खोबऱ्याला रंग येईपर्यंत खसखस करपून कडू होते. तिथे ‘वेगवेगळं भाजून’ असंच लिहायला हवं. पाककृतीत क्रम दाखवायला ‘मग’, ‘त्यानंतर’, ‘तोवर’ हे शब्द कितीही वेळा आले तरी कानाला खटकत नाहीत. ते काटू नका.

नकाराचंही सांभाळा. ‘ती रडली-ओरडली नाही’ म्हणजे दोन्ही केलं नाही. ‘ती रडली, ओरडली नाही’ म्हणजे रडली, फक्त ओरडली नाही. जोडरेघ आणि स्वल्पविराम एवढाच फरक आहे, अर्थ उलटा झाला.

वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण लिहिते आहे. छोटी-छोटी सुटी वाक्यं असली की टाळ्या मिळतात, असं ऐकलं. ती लिहायची कशी आणि म्हणायची कशी? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अमरावती)

मराठीतलं सगळ्यांत भक्कम उदाहरण समोर ठेवा. महात्मा फुले यांच्या १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या आरंभीच्या ओळी:

‘विद्येविना मति गेली; मतीविना नीति गेली; नीतिविना गति गेली; गतिविना वित्त गेले; वित्ताविना शूद्र खचले; इतके अनर्थ एका अविद्येने केले.’

बोटांवर अक्षरं मोजा. पहिली चार वाक्यं आठ-आठ अक्षरांची, पाचवं नऊ, शेवटचं चौदा. चार वेळा एकच ठोका पडतो, पाचव्याला थोडा वाढतो, सहाव्यात सगळं साचलेलं एकदम बाहेर येतं. ‘आणि’ नाही, ‘म्हणून’ नाही. पण कार्यकारणभाव इतका घट्ट आहे, की एक वाक्य काढलं तर साखळी तुटते. ते काम दोघांनी घेतलं. एक ‘विना’, हे शब्दयोगी अव्यय प्रत्येक वेळी कारण सांगतं. दुसरी पुनरुक्ती: एका वाक्यात जे गेलं, त्यानेच पुढचं वाक्य सुरू होतं. मति, मग मतीविना. नीति, मग नीतिविना. कड्या शब्दांनीच अडकवल्या आहेत. शेवटी ‘इतके अनर्थ’ सगळ्यांना एकत्र बांधतं, सावता माळी यांच्या ‘अवघी’सारखं. यात ‘म्हणून’ घालून पाहा: ‘विद्या नव्हती म्हणून मति गेली आणि मति गेली म्हणून नीति गेली…’ माहिती तीच राहते, आरोप मात्र बोथट होतो.

दुसऱ्या बाजूला लोकमान्य टिळकांचं घोषवाक्य ठेवा: ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच.’ इथे ‘आणि’ आहे आणि तो असायलाच हवा. पहिला भाग वस्तुस्थिती सांगतो, दुसरा निश्चय. दोन्ही वेगळ्या जातीची वाक्यं आहेत. ‘आणि’ काढला, तर दोन सुटी विधानं उरतात. ‘आणि’मुळे निश्चय हक्कातून निघाल्यासारखा ऐकू येतो. सुटी वाक्यं लिहायची, तर ती एका जातीची, एका घडणीची असावीत, हा धडा इथे मिळतो.

क्रमाकडेही लक्ष द्या. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे बाबासाहेब आंबेडकरांचं म्हणून आपण ज्या रूपात ऐकतो, त्यात संघर्ष शेवटी आहे. इंग्रजीतल्या ‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ’मध्ये तो मधे आहे. यावर अजूनही वाद होतो, आणि तो वाद पोकळ नाही. अव्यय नसलं, की ऐकणारा क्रमालाच ‘आधी’ आणि ‘नंतर’ समजतो. तुमच्या तीन पदांचा क्रम बदलून पाहा. अर्थ बदलत नसेल, तर पदं अजून सैल आहेत.

आता म्हणण्याचं. ॲरिस्टॉटलने ‘ऱ्हेटरिक’ या वक्तृत्वावरच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात सांगितलं आहे, की अव्ययं अनेकांना एक करतात; ती काढली, की एकाचे अनेक होतात, म्हणून थोडंही पुष्कळ वाटतं. त्याने हेही सांगितलं, की असं बोलणं एका सुरात बोलू नये, ते अभिनयाने वेगळं करावं. फुल्यांच्या ओळी एकाच पट्टीत म्हटल्यात, तर पाढे म्हटल्यासारखं होईल. प्रत्येक अर्धविरामापाशी पाव श्वास, ‘खचले’नंतर पूर्ण श्वास, मग शेवटचं वाक्य हळू आणि खालच्या स्वरात. पाच मिनिटांच्या भाषणात अशा दोन जागा पुरे आहेत. ‘ऱ्हेटरिक’चा शेवटही ॲरिस्टॉटलने अव्ययलोपानेच केला आहे. त्याचा आशय असा: मी बोललो, तुम्ही ऐकलंत, विषय तुमच्यासमोर आहे, निवाडा करा. भाषणाचा शेवट शोधत असाल, तर हा साचा वापरण्यासारखा आहे.

अव्यय गाळल्यावर विरामचिन्ह कुठलं द्यावं? (मुद्रितशोधक, सांगली)

शब्दांच्या आणि छोट्या क्रियापदांच्या मध्ये स्वल्पविराम. पदांच्या पोटात आधीच स्वल्पविराम असतील, किंवा प्रत्येक पद पुरं वाक्य असून सगळी एका माळेतली असतील, तर अर्धविराम. वळण दाखवायचं तिथे पूर्णविराम. तीन टिंबं नकोत. ती दिली, की लेखकाला पुढचं सुचलं नाही असं वाटतं. द्वंद्वांत रूढ शब्द जोडून, नव्या जोड्या जोडरेघेने.

‘व’ आणि ‘आणि’ यांत काही फरक आहे का? (वाचक, इंदूर)

‘व’ लिखित वळणाचा आणि मुख्यतः शब्दाला शब्द जोडणारा. ‘आणि’ वाक्यांनाही जोडतो. एकाच वाक्यात दोन पातळ्या असतील, तर दोघं मिळून काम देतात: ‘मीठ व साखर आणि तूप व तेल वेगळ्या डब्यांत ठेवा.’ कथेत, संवादात मात्र ‘नि’, ‘अन्’ हेच कानाला ओळखीचे.

आमच्या मराठी शाळेतली दहा-बारा वर्षांची मुलं गोष्ट लिहिताना ‘आणि मग… आणि मग…’ असंच लिहितात. हे कसं घालवावं? (स्वयंसेवी शिक्षिका, न्यू जर्सी)

सगळं घालवू नका. ‘आणि’ची रांगही एक साधन आहे, अव्ययलोपाच्या नेमकी उलट. लांबत जाणारी वाट, न संपणारं काम, मुलाचा उत्साह हे तिच्याने दाखवता येतं. मुलांना दोन्ही वापरता यावीत, एवढंच हवं.

पंचवीस मिनिटांचा हा सराव करून पाहा. मुलाने लिहिलेली सहा-सात वाक्यं घ्या आणि प्रत्येक ‘आणि मग’ला पेन्सिलने गोल करायला सांगा. मग प्रत्येक गोलापाशी एकच प्रश्न विचारा: हा काढला, तर पुढचं नंतर झालं हे कळतं का? कळत असेल तर खोडा, स्वल्पविराम द्या. कर्ता एकच असेल तर ‘-ऊन’ लावून पाहा. नुसतं ‘नंतर’ सांगायचं नसेल, ‘त्यामुळे’ किंवा ‘तरीही’ सांगायचं असेल, तर तो शब्द लिहा. मुलांच्या ‘आणि मग’मध्ये हे दोन अर्थ फार वेळा दडलेले असतात. शेवटी किमान एक ‘आणि’ राहू द्या, आणि तो कुठे ठेवायचा ते मुलाला ठरवू द्या. मग गोष्ट मोठ्याने वाचून घ्या, आधीची आणि नंतरची. इंग्रजीत शिकणाऱ्या मुलांना ‘-ऊन’ जरा अवघड जातं. ‘खाऊन, पिऊन, धावून, येऊन’ अशी दहा क्रियापदं आधी तोंडी घोकून घेतलीत, तर लिहिताना ती हाताशी असतात. ‘जाऊन’, ‘धुऊन’ यांत ‘ऊ’ दीर्घ, हेही त्याच वेळी फळ्यावर लिहून ठेवा.